ग्रहगणित व सूर्यकुलाची प्रतिमाने

ग्रहगणित व सूर्यकुलाची प्रतिमाने : आकाशात ग्रह कोठे दिसेल हे आगाऊ सांगण्याचे गणित ते ग्रहगणित. हे गणित ज्या कल्पनाचित्रावर आधारलेले असते, त्यास सूर्यकुलाचे प्रतिमान म्हणता येईल. प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष वस्तू नव्हे. निरीक्षणांची संगती लावण्यासाठी योजलेली ती भूमितीय वा भौतिक रचना होय. ती कितपत स्वीकारावी हे तिच्यावरून काढलेले अंक वेधाशी किती जुळतात यावर ठरते. महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिला नाही. पंढरपूरची एकादशी कोणत्या दिवशी, ग्रहणाचा स्पर्श किती वाजता, अधिक मास कोणता, या गोष्टी पंचांगावर अवलंबून असतात व पंचांग ग्रहगणितावर. सोलापूर हे शतकाहून अधिक काळ पंचांगनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र असल्याने प्रस्तुत विवेचनात त्या परिसरातील उदाहरणे मुद्दाम घेतली आहेत.

निरीक्षित गती : तारे परस्परांच्या संदर्भात स्थिर भासतात, तर ग्रह त्यांच्यामधून सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. त्यांचा मार्ग क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गाच्या, दोन्ही बाजूंस थोड्या अंशांच्या पट्ट्यात असतो. सोलापूरचे अक्षांश सु. १७° ४०′ उत्तर असल्यामुळे हा पट्टा तेथे बराच उंचावरून जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असा एकेक दिवस येतो की, त्या दिवशी मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या बारा वाजता होत नाही. सोलापूरचे रेखांश (सु. ७५° ५४′ पूर्व) प्रमाण रेखांशाच्या पश्चिमेस साडेसहा अंशांहून थोडे जास्त असल्याने ते सरासरीने २६ मिनिटे उशिरा होते.

ग्रहगतीत दोन गोष्टी विशेष लक्षात येतात. मंगळ, गुरू व शनी हे ठराविक काळाने थबकतात, काही काळ मागे (पश्चिमेकडे) जातात व पुन्हा मार्गी होतात. मंगळ सु. ७८० दिवसांच्या अंतराने वक्री होतो व त्याचे वक्रत्व सु. ७२ दिवस टिकते. उलटपक्षी बुध व शुक्र सूर्याची पाठ कधी सोडीत नाहीत. बुध सूर्यापासून फार तर २८° व शुक्र सु. ४७° दूर जातो, म्हणून मध्यरात्री ते कधी दिसत नाहीत. कोणत्याही प्रतिमानाला या दोन गोष्टींचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

भूकेंद्रीय प्रतिमान : ग्रीक ज्योतिषी टॉलेमी (इ. स. दुसरे शतक) यांनी पृथ्वी मध्यस्थ धरून ग्रहाला एका लहान वर्तुळावर व त्या वर्तुळाच्या मध्याला मोठ्या वर्तुळावर फिरविले. भारतीय सिद्धांतग्रंथांतही याच जातीची रचना आढळते, परंतु तिची मांडणी स्वतंत्र आहे. मध्यम ग्रहाला दोन संस्कार देऊन स्पष्ट ग्रह काढतात. पैकी मंदफल हे आजच्या भाषेत कक्षेच्या लांबटपणामुळे येणारे अंतर असून शीघ्रफल हे ग्रहाकडे सूर्यावरून न पाहता पृथ्वीवरून पाहिल्यामुळे पडणारे अंतर आहे. मंगळ, गुरू व शनी यांचे शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच, तर बुध व शुक्र यांचा मध्यम ग्रह म्हणजे मध्यम सूर्य, असे जे सिद्धांतकारांनी मानले, त्यात सूर्यकेंद्रीय रचनेचे बीज दडलेले आहे. पण ते दडलेलेच राहिले. केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी इ. स. १५०० च्या सुमारास ग्रहांना सूर्याभोवती फिरविणारी मांडणी केली. महाराष्ट्रातील पंचांगपरंपरेवर तिचा परिणाम झाला नाही.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांचा सिद्धांतशिरोमणि ११५० मध्ये पूर्ण झाला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. पृथ्वी निराधार असून तिच्या अंगी जड पदार्थ आपल्याकडे ओढण्याची शक्ती आहे, असे भास्कराचार्यांनी म्हटले आहे. या विधानावरून गुरुत्वाकर्षणाचा नियम त्यांना ज्ञात होता, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. पृथ्वी खाली का पडत नाही या प्रश्नाचे ते समर्पक उत्तर आहे. परंतु ही ओढ अंतराबरोबर कशी बदलते, ती चंद्राला व ग्रहांना लागू आहे की नाही, हे त्यात नाही आणि ग्रहगणितात तिचा उपयोगही केलेला नाही. ग्रह गतिमान का आहेत हा प्रश्न या प्रतिमानाच्या कक्षेबाहेरचा होता.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून ग्रहलाघव रचला. ज्या-कोज्यांची कटकट टाळून आणि ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सु. ११ वर्षांचे, चक्र कल्पून त्यांनी गणित इतके सुटसुटीत केले की, महाराष्ट्रातील पंचांगे त्यापुढे साडेतीन शतकांहून अधिक काळ त्यावरूनच होत राहिली. स्वतः गणेश दैवज्ञांनी जुने ग्रंथ वेधाशी जुळत नाहीत म्हणून नवे अंक घेतले होते. त्यांच्या अनुयायांनी त्यांचे अंक घेतले, त्यांची ही दृष्टी मात्र घेतली नाही.

सूर्यकेंद्रीय प्रतिमान : निकोलेअस कोपर्निकस यांनी १५४३ मध्ये सूर्य मध्ये ठेवून पृथ्वीला ग्रहांच्या पंक्तीत बसविले. त्याबरोबर वक्रत्वाचे कोडे सुटले. पृथ्वी आतल्या कक्षेत अधिक वेगाने जाते. ती मंगळाला गाठून पुढे निघते तेव्हा, वेगवान गाडीतून शेजारची मंद गाडी मागे जाताना दिसावी तसा, मंगळ मागे सरकताना दिसतो. त्याचा काळही सरळ गणिताने येतो. पृथ्वी एका दिवसात परिक्रमेचा १/३६५·२६ भाग व मंगळ १/६८६·९८ भाग चालतो. या दोहोंच्या वजाबाकीचा व्यस्तांक ७७९·९ दिवस, हाच दोन प्रतियुतींमधील सरासरी काळ. बुध व शुक्र यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्याने ते सूर्याजवळच दिसणार, हेही ओघाने आले.

कोपर्निकस यांनी वर्तुळे सोडली नव्हती, त्यामुळे त्यांचे अंक टॉलेमींच्या अंकांहून फारसे चांगले नव्हते. ट्यूको ब्राए यांचे मंगळाचे वेध योहानेस केप्लर यांच्या हाती आले तेव्हा वर्तुळावर आधारलेले गणित व वेध यांत आठ कलांचा फरक उरला. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासाच्या चतुर्थांशाइतके अंतर. एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करण्यास केप्लर तयार झाले नाहीत. त्यातून १६०९ मध्ये त्यांनी पहिले दोन नियम मांडले : ग्रह विवृत्ताकार (लंबवर्तुळाकार) कक्षेत फिरतो व सूर्य त्या विवृत्ताच्या एका नाभीशी असतो, तसेच सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिते. तिसरा नियम १६१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार परिक्रमाकालाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर व वर्ष एकक मानल्यास गुरूचे अंतर ५·२ व काल ११·८६ वर्षे येतो. पहिल्याचा घन व दुसऱ्याचा वर्ग हे दोन्ही १४१ च्या आसपास आहेत. मंगळाची कक्षा इतर बाह्य ग्रहांपेक्षा अधिक विमध्य (विमध्यता ०·०९३) असून सूर्यापासूनचे त्याचे अंतर सु. २०·७ कोटी किमी.पासून सु. २४·९ कोटी किमी.पर्यंत बदलते. केप्लर यांच्या वाट्याला नेमका हा ग्रह आला नसता, तर विवृत्ताचा शोध बराच लांबला असता.

गुरुत्वाकर्षण : केप्लर यांचे नियम कसे हे सांगतात, का हे सांगत नाहीत. ते कार्य आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये केले. कोणत्याही दोन वस्तू परस्परांना त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आकर्षितात, हा त्यांचा नियम होय. त्याची पहिली कसोटी चंद्रावर लागली. पृथ्वीच्या पृष्ठावर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सु. ४·९ मी. पडते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या ६० त्रिज्यांवर आहे, म्हणून तेथे हे पडणे ३,६०० पटींनी कमी, म्हणजे सेकंदास सु. १·३६ मिमी. असावयास हवे. चंद्र सरळ रेषेपासून सेकंदास तितकाच वळतो. झाडाचे फळ व चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे यावरून ठरले.

ग्रह सूर्यावर जाऊन का पडत नाहीत, असे विचारले जाते. खरे तर ते सतत पडतच असतात. पृथ्वी एका सेकंदात आपल्या मार्गावर सु. ३० किमी. पुढे जाते व तेवढ्या काळात सूर्याकडे सु. ३ मिमी. वळते. हे वळणे नसते तर ती सरळ रेषेत निघून गेली असती. पुढे जाणे नसते तर सूर्यात पडली असती. ग्रहाला पुढे ढकलणारी कोणतीही शक्ती लागत नाही, त्याचे जडत्व पुरेसे आहे. गुरूच्या अंतरावर सूर्याचे आकर्षण पृथ्वीच्या ठिकाणच्या आकर्षणाच्या १/२७ इतके उरते, म्हणून गुरूला सेकंदास सु. १३ किमी. एवढाच वेग पुरतो. केप्लर यांचे तिन्ही नियम न्यूटन यांच्या नियमातून गणिताने निघतात. शिवाय उपग्रहाच्या परिक्रमाकालावरून ग्रहाचे वस्तुमानही मिळते. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सु. ३१८ पट आहे, हे गुरूला न शिवता समजते.

एक गोष्ट मात्र हा नियम सांगत नाही. सर्व ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात व एकाच दिशेने का फिरतात, याचे उत्तर आकर्षणाच्या सूत्रात नसून सूर्यकुलाच्या उत्पत्तीत आहे. फिरत्या वायू व धूलिमेघाचे आकुंचन होताना कोनीय संवेग अक्षय्य राहून त्याची चपटी चकती बनली व तीत ग्रह घडले, ही उपपत्ती आज सर्वमान्य आहे.

क्षोभ व नवे ग्रह : आकर्षण सार्वत्रिक असल्याने ग्रह केवळ सूर्याकडेच नव्हे, तर परस्परांकडेही ओढले जातात. त्यामुळे शुद्ध विवृत्त कोणाच्याच वाट्याला येत नाही. या विचलनांना क्षोभ म्हणतात. गुरू व शनी यांच्या आकर्षणामुळे हॅली धूमकेतूला ६१८ दिवस उशीर होईल, असे आलेक्सी क्लेरो यांनी गणित केले व धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी, त्यांनी सांगितलेल्या काळाच्या सु. एक महिना आधी, उपसूर्य बिंदूशी आला. एका महिन्याची ही चूक ७६ वर्षांच्या फेऱ्यात झालेली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. युरेनसच्या (शोध १७८१) गतीतील विसंगतीवरून ल्व्हेऱ्ये यांनी अदृश्य ग्रहाचे स्थान काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून त्या स्थानापासून एक अंशाच्या आत सापडला.

या परंपरेत महाराष्ट्राचा एक धागा गुंफलेला आहे. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे शिक्षक असून त्यांचे आयुष्य बागलकोट-विजापूर भागात, म्हणजे सोलापूरच्या दक्षिण शेजारी, गेले. फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत १९११ मध्ये त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे सुचविले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सरासरी अंतर ३८·९५ ज्योतिषशास्त्रीय एकके व परिक्रमाकाल २४२·२८ वर्षे त्यांनी काढला. पुढे १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे अंतर सु. ३९·५ एकके व काल सु. २४८ वर्षे निघाला. हे साम्य लक्षणीय असले, तरी त्याला न्यूटनीय गणिताचा विजय म्हणता येणार नाही. केतकरांनी क्षोभाचे गणित केले नव्हते. गुरूच्या उपग्रहांच्या कालांत लाप्लास यांनी दाखविलेला मेळ त्यांनी बाह्य ग्रहांना लावला होता आणि तसा पूर्ण मेळ युरेनस व नेपच्यून यांच्यात नाही. ग्रह आकाशात कोठे शोधावा हे त्यांच्या गणितातून निघत नव्हते. विष्णू सापडला नाही. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास असल्याचे १९७८ नंतर स्पष्ट झाले व २००६ मध्ये त्याची गणना बटुग्रहांत झाली. केतकरांचे खरे कार्य पंचांगाच्या क्षेत्रात आहे.

तिथी व चंद्राचे गणित : सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर १२° वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी लहानमोठी होते. परंपरेने ती ६५ घटींपर्यंत वाढते व ५४ घटींपर्यंत घटते (बाणवृद्धी व रसक्षय). प्रत्यक्षात ती सु. ५० ते ६७ घटी, म्हणजे सु. २० तास ते २६ तास ४८ मिनिटे इतकी बदलते. या तफावतीचे कारण गुरुत्वाकर्षणात आहे. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुपटीहून अधिक जोराने ओढतो. परंतु तो पृथ्वीलाही जवळजवळ तितकाच ओढीत असल्याने चंद्राच्या कक्षेवर परिणाम होतो तो या दोन ओढींमधील फरकाचा. त्याने चंद्राच्या स्थानात सव्वा अंशाचा एक, दोनतृतीयांश अंशाचा दुसरा व इतर अनेक लहान संस्कार उत्पन्न होतात.

जुन्या ग्रंथांत चंद्राचे परम मंदफल सु. ५° आहे, कक्षेच्या विमध्यतेमुळे येणारे खरे मूल्य ६° १७′ आहे. ही चूक वाटते, पण ती तशी नाही. अमावास्या व पौर्णिमा यांवेळी सूर्याच्या क्षोभाचा सव्वा अंश मंदफलातून वजा होतो व उत्तर बरोबर ५° येते. ग्रहणे याच दोन तिथींना होतात आणि प्राचीनांनी आपले अंक ग्रहणांवरूनच ठरविले होते. अष्टमीच्या सुमारास मात्र तोच सव्वा अंश मिळविला जातो व फल साडेसात अंशांवर जाते. म्हणजे ग्रहण साधणारे पंचांग अष्टमीस अडीच अंशांपर्यंत, कालात सांगायचे तर सु. पाच तासांपर्यंत, चुकू शकते. एकादशीसही काही तासांचा फरक पडतो. मुंजाल (इ. स. ९३२) यांनी या संस्काराची जाणीव दाखविली होती, महाराष्ट्रातील प्रचलित करणग्रंथांत तो आला नाही.

व्रतवैकल्यांत बहुधा सूर्योदयीची तिथी घेतात, त्यामुळे काही तासांचा फरक दिवस बदलण्यास पुरेसा होतो. एका पंचांगाची एकादशी दुसऱ्याची दशमी ठरली, तर आषाढी वारीसाठी पंढरपुरास निघालेल्या माणसाला तो वाद शास्त्रार्थाचा वाटत नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये यूरोपीय कोष्टकांवरून ग्रहसाधनाची कोष्टके सिद्ध केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात जुन्या व नव्या गणिताचा ताळा दाखविला. केतकरांनी ज्योतिर्गणित व अन्य ग्रंथांत आधुनिक क्षोभगणित संस्कृत करणग्रंथांच्या चौकटीत बसविले. धर्मकृत्यांस आर्ष गणित व ग्रहणांस नवे गणित, अशी तोड काहींनी सुचविली. सूर्य व चंद्र यांची स्थाने एकाच वेळी दोन असू शकत नाहीत, हा दृक्‌प्रत्ययवाद्यांचा आक्षेप तीवर निरुत्तर करणारा होता. सोलापूर येथे लक्ष्मणशास्त्री दाते यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू केलेले व पुढे धुंडिराजशास्त्री दाते यांनी चालविलेले पंचांग याच मताचे असून त्याच्या प्रसारामुळे महाराष्ट्रात दृक्‌प्रत्ययी गणित घरोघर पोहोचले.

स्थानभेदाचा एक प्रश्न यानंतरही राहतो. सोलापुरात सूर्य मुंबईपेक्षा सु. १२ मिनिटे आधी व नागपूरपेक्षा सु. १३ मिनिटे उशिरा उगवतो (ऋतूनुसार यात थोडा फरक पडतो). तिथीचा अंत या अवधीत झाला, तर दोन गावांची सूर्योदयतिथी वेगळी होते आणि दोन्ही बरोबर असतात.

राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा याचा निर्णयही गुरुत्वाकर्षण देऊ शकत नाही. सूर्य व चंद्र पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तीय भागास ओढतात, त्यामुळे तिचा अक्ष डोलतो व संपातबिंदू वर्षाला सु. ५०·३ विकला मागे सरकतो, एवढे गणित सांगते. परंतु आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवावा की रेवतीच्या एका अंधुक ताऱ्यावरून, हा संकेताचा प्रश्न आहे. या दोन पक्षांत सु. ४° अंतर असल्याने अधिक मास निरनिराळे येतात. लोकमान्य टिळकांच्या नावे चालणारे पंचांग रेवतीपक्षाचे असून केतकरांनी पुढे चित्रापक्षाचा पुरस्कार केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने (स्थापना १९५२, अहवाल १९५५) चित्रापक्षाला जवळचा अयनांश स्वीकारला व भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. सोलापूरचे पंचांगही चित्रापक्षीय आहे.

न्यूटनीय प्रतिमानाची मर्यादा : बुधाचा उपसूर्य बिंदू इतर ग्रहांच्या क्षोभांचा हिशोब करूनही शतकास सु. ४३ विकला अधिक सरकतो, हे एकोणिसाव्या शतकात आढळले. ल्व्हेऱ्ये यांनी येथेही अज्ञात ग्रह कल्पिला व त्यास व्हल्कन हे नाव मिळाले. पण नेपच्यूनच्या बाबतीत साधलेली युक्ती येथे फसली. अनेक ग्रहणांच्या वेळी शोधूनही तो दिसला नाही. हा फरक आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून नोव्हेंबर १९१५ मध्ये तंतोतंत निघाला. या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण ही दुरून ओढणारी प्रेरणा नसून वस्तुमानामुळे अवकाश-कालास आलेली वक्रता आहे. सूर्याजवळून जाणारा प्रकाशकिरणही १·७५ विकलांनी वळला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर हे रेल्वे स्थानक आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा त्यावरून गेला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल व पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे तळ ठोकून सु. दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत सूर्याच्या किरीटाची छायाचित्रे व वर्णपट घेतले. हजारो किमी. दूर असलेल्या वेधशाळेने उपकरणे जहाजाने व रेल्वेने आणून विशिष्ट माळावर विशिष्ट मिनिटाला सज्ज ठेवावीत, एवढा भरवसा चंद्राच्या गणिताने मिळविला होता. याच कॅम्बेल यांनी २१ सप्टेंबर १९२२ च्या ग्रहणात ऑस्ट्रेलियातील वॉलाल येथे सूर्यालगतच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. त्यांवरून प्रकाशाचे वळणे सु. १·७२ विकला आले. १९१९ मधील ब्रिटिश मोहिमांच्या निष्कर्षाबद्दल ज्यांना शंका होती, त्यांपैकी बहुतेकांचे समाधान या अंकाने झाले.

आज ग्रहांची स्थाने सूत्रांच्या लांब मालिकांऐवजी संगणकावर पायरीपायरीने काढतात. सूर्य, ग्रह, चंद्र व मोठे लघुग्रह यांचे परस्पराकर्षण एकत्र घेऊन व सापेक्षतेचे संस्कार देऊन तयार केलेल्या अशा कोष्टकांवर अवकाशयानांचे मार्ग आखले जातात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत गेलेल्या भारतीय मंगळयानाचा सु. दहा महिन्यांचा प्रवास सूर्याभोवतीच्या विवृत्ताचा एक कंसच होता. नागरी पंचांगास एवढ्या सूक्ष्मतेची गरज नसते. बुधाच्या बाबतीत सापेक्षतेमुळे उपसूर्य बिंदूच्या स्थानात पडणारा फरक एक कलेइतका होण्यास सु. १४० वर्षे लागतात.